मांड पक्की की पकड घट्ट?

नवखा स्वार घोड्यावर डगमगू लागला की मैदानाच्या कडेचा प्रत्येक जण ओरडतो, "घट्ट धर!" सोलापुरात मीही हेच ऐकत शिकलो. पहिले दोन महिने मांड्या आतून ठणकत घरी यायचो आणि वाटायचं, मांड, म्हणजे घोड्यावरची स्थिर बैठक, बसायला लागली. बसत होती ती नुसती पकड.

पकडीत सगळा जोर गुडघ्यात जातो. ओला साबण मुठीत दाबला की वर निसटतो, तसं गुडघे आवळले की बूड खोगिरावरून उचललं जातं. टाच वर येते, रिकीब, म्हणजे पाय अडकवायची कडी, सुटते. त्यात घोड्याला कुशीवरचा दाब म्हणजे 'चल' ही खूण. आपण भीतीनं आवळतो, तो पाय उचलतो, आपण आणखी आवळतो. बिचाऱ्याला उगाच अवखळ ठरवतात.

मांड पक्की असली की बैठकीची दोन्ही हाडं खोगिरावर सारखी टेकतात आणि पाय कमरेपासून जड होऊन सुटतात, दोरीवर टाकलेल्या ओल्या चादरीसारखे. कान, खांदा, कंबर, टाच एका ओळंब्यात. खरी परीक्षा दुडकीत, म्हणजे घोड्याच्या मध्यम धावेत. तिथे पाय तिरक्या जोडीनं पडतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो. आवळून बसलेला त्या धक्क्यानं आपटतो. मांड बसलेल्याची कंबर तो धक्का पिऊन टाकते.

माझ्या उस्तादांनी एके दिवशी रिकिबी काढल्या, लगाम काढून घेतला, घोडा लांब दोरावर गोल फिरवला. "हात आडवे पसरा. आता श्वास सोडा." दहा मिनिटं, तीही साध्या चालीत. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, माझं उजवं हाड टेकतंय, डावं टेकतच नाही. इतके दिवस मी उजवीकडे कलून बसत होतो आणि तोल सावरायला डावा लगाम ओढत होतो. घोड्याच्या तोंडाला ते किती लागलं असेल!

घोडा बुजला तर क्षणभर आवळावं लागतंच. पण लगेच सोडता आलं पाहिजे, आणि ते मांड असेल तरच जमतं.

आषाढी वारीत खुडूसला माउलींचं गोल रिंगण होतं. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, दुसऱ्यावर स्वार असतो आणि त्याच्या हातात जरीपटका. गर्दीत पुढे जागा मिळाली तर या खेपेला त्याच्या कमरेकडे बघा.