चिठ्ठी नसलेलं कपाट : सीमाभागातल्या अमानवी प्रेमकथांची पार्श्वभूमी

बेळगावातल्या एका वाचनालयात इंग्रजी विभागाच्या टोकाला अर्धं कपाट कित्येक वर्षं चिठ्ठीविना उभं आहे. कण्यांना सेलोटेप, कोपरे मऊ पडलेले, मधल्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा. वाचनालयातली सर्वांत जास्त हाताळलेली पुस्तकं हीच असावीत. गोष्ट थोड्याफार फरकानं सारखीच : मुलगी सोळा-सतराची, गावात नवी, मुलगा देखणा, अबोल आणि माणूस नसलेला. इंग्रजीत याला यंग अ‍ॅडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात. मराठीत काय म्हणायचं ते ठरलेलं नाही, म्हणून चिठ्ठी नाही.

या प्रकाराचा इंग्रजीतला इतिहास थोडक्यात उरकता येतो. प्रेतातून उठणारा रक्तपिपासू, म्हणजे व्हॅम्पायर, १८१९च्या एका इंग्रजी कथेत उमराव झाला, १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीनं त्याला जगभर नेलं आणि १९७६च्या एका कादंबरीत तो स्वतःच आपली कैफियत सांगू लागला. हे सगळं मोठ्यांसाठी होतं. किशोरवयीनांची वेगळी कादंबरी अमेरिकेत साठच्या दशकात रुजली, नव्वदच्या दशकात हे दोन प्रवाह मिळाले आणि २००५ साली ‘ट्वायलाइट’ आली. तिचा नायक १९१८च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झाला, तेव्हापासून तो सतराच वर्षांचा आहे.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण दिसायला हवी होती. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, पिंपळावर बसून कायमचा कोवळा राहिलेला आणि लग्नाची इच्छा अडकलेला. या प्रकाराचा नायक आपल्या परड्यातच होता म्हणायचा. पण आपल्या गूढकथांनी आणि भयकथांनी त्याला प्रेम करू दिलं नाही, उतारा टाकून वाटेला लावलं. साठ-सत्तरच्या दशकांतली ती मासिकं आणि सर्क्युलेटिंग लायब्ररीतल्या त्या कादंबऱ्या मीही वाचल्यात. त्यांत वाड्यात राहायला येणारा बहुधा नोकरदार पुरुष असे आणि सोळा वर्षांची मुलगी असलीच तर झपाटली जाण्यापुरती. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. २०२४मध्ये मुंजा हिंदी पडद्यावर आला तोही विनोदासाठी आणि भीतीसाठीच.

इथल्या वाचनाला आणखी एक ओझं आहे. १९४६च्या बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, हे पुन्हा सांगायला नको. तेव्हापासून इथं मराठी पुस्तक हातात धरणं ही निष्ठेची गोष्ट झाली. वाचनालयांच्या खरेदीत ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रं, भाषणसंग्रह यांना पहिला मान. कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांनी मोठं काम केलंय, यात शंका नाही. पण त्या मांडवात पंधरा वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक शोधलं तर हाती संस्कारकथा तरी येतात, नाहीतर थेट मोठ्यांची कादंबरी. मधलं काहीच नाही. ते मधलं तिला इंग्रजीत मिळालं. शाळा इंग्रजी माध्यमाची, बाहेर कन्नड, घरात मराठी, अशा मुलीनं इंग्रजीत व्हॅम्पायर वाचला की घरच्यांना दोन्हीकडून घात झाल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत.

आता तो शब्दांचा गुंता. ‘यंग अ‍ॅडल्ट’चं सरळ मराठी केलं तर ‘तरुण प्रौढ’ होतं आणि डोळ्यांपुढे चाळिशीतला अविवाहित गृहस्थ येतो. ‘कुमार’ म्हटलं की कबड्डीचा कुमार गट. ‘किशोर’ हे १९७१पासून एका मासिकाचं नाव आहे, त्यामुळे त्या शब्दाला पाचवी-सहावीचा वास येतो. उरला ‘युवा’. पण राष्ट्रीय पातळीवर २०११पासून जो युवा पुरस्कार दिला जातो, त्याची अट लेखकाच्या वयाची आहे : पस्तिशीच्या आत. म्हणजे आपल्याकडे युवा साहित्य हे युवकानं लिहिलेलं, वाचणाऱ्याचं वय कुणी मोजत नाही. इंग्रजीत नेमकं उलट, नाव वाचकाच्या वयावरून पडलंय. तेही तितकंसं खरं नाही म्हणा. अमेरिकेत २०१२च्या एका पाहणीत अशी पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के अठरा वर्षांच्या पुढचे निघाले होते.

‘पॅरानॉर्मल’ त्याहून अवघड. ‘अलौकिक’ संतचरित्रात गेला, ‘अतींद्रिय’ ध्यानशिबिरात. ‘अमानुष’ महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातच बसलाय. कर्नाटकानंही २०१७मध्ये तसा कायदा केला. ‘भुताटकी’ म्हटलं की हसू येतं. म्हणून मी ‘अमानवी’ वापरतो, नाइलाजानं. वाचणाऱ्या मुली यातलं काहीच म्हणत नाहीत. त्या काउंटरवर येऊन म्हणतात, ‘काका, ते व्हॅम्पायरवालं द्या की.’

हा गुंता केवळ शब्दांचा राहिला असता तर चाललं असतं. त्या वाचनालयात ही पुस्तकं नोंदवायची वेळ आली तेव्हा समितीनं ती ‘भयकथा’त टाकली. भयकथा प्रौढ विभागात, आणि प्रौढ विभागाचं कार्ड अठराव्या वर्षी. ज्यांच्यासाठी पुस्तकं घेतली त्यांनाच ती मिळेनात. समितीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं : मध्यरात्र, रक्त, खिडकीतून खोलीत येणारा मुलगा, उद्या पालक विचारायला आले तर उत्तर कोण देणार? पण पालक आलेच नाहीत. मुलींनी आयांची कार्डं आणली. रजिस्टरात एकेका घरातल्या बाईच्या नावावर चार दिवसांत दोन-दोन जाड इंग्रजी कादंबऱ्या चढू लागल्या. पुढे काही आया स्वतःच पुढचा भाग मागायला आल्या. तेव्हा कपाट बाहेर काढलं, पण भयकथेची चिठ्ठी काढून नवी कुठली लावायची यावर बैठक मोडली.

ओढ कशाची, याचं एक उत्तर ठरलेलं आहे : नायकाला नायिकेच्या रक्ताचा घोट घ्यावासा वाटतो आणि तो स्वतःला आवरतो, हे त्या वयाच्या मुलीला बळ देणारं आहे. यावर, हा पाळतीलाच प्रेम म्हणण्याचा प्रकार आहे, असा आक्षेपही जुनाच आहे आणि तो खरा आहे. सीमाभागापुरतं मला दुसरंच काही दिसतं. ‘ट्वायलाइट’मध्ये व्हॅम्पायर आणि लांडग्याचं रूप घेणारी माणसं यांच्यात करारानं ठरलेली एक हद्द आहे, ती कुणी ओलांडायची नाही. आपल्याकडे भुताला गावची शीव असते. शीव आणि सीमा एकाच घरचे शब्द. ज्या गल्लीत फलक कोणत्या भाषेत लावायचा यावरून दगड पडतात, तिथल्या मुलीला ‘तो पलीकडचा आहे’ हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पलीकडचा म्हणजे कधी कन्नड बोलणारा वर्गमित्रही असतो.

पुस्तकांचं कपाट तसंही आता मागे पडलंय. २०१०मध्ये व्हॅम्पायर नायकाची कॉलेजातली हिंदी मालिका आली, २०१५नंतर इच्छाधारी नागिणी घराघरात शिरल्या, मग कोरियन मालिका आल्या. त्याहून मोठा बदल फोनवरच्या कथांनी केला. भारतीय भाषांतल्या कथांचा एक मोठा मंच २०१४मध्ये सुरू झाला, तोही बंगळुरूत. आमच्या मुलींच्या मराठी कथा अशा कर्नाटकाच्या राजधानीतून वाचकांपर्यंत जातात, हे कुणी ठरवून केलं नसतं. तिथं भाग तीन-चार पानांचा, शेवटी दार वाजलेलं, पुढचा भाग उद्या. शुद्धलेखन यथातथा, पण बोली इथलीच. खानापूरकडच्या एका मुलीची कथा मी गेल्या पावसाळ्यात वाचली. नायक मुंजा आहे. पिंपळ रस्तारुंदीकरणात गेल्यामुळे तो बेघर झालाय आणि बस स्टॉपवर नायिकेला विचारतो, ‘तुमच्या परड्यात झाड आहे काय?’ ती म्हणते, ‘आहे की, पण पेरूचं आहे.’ त्या कथेखाली वाचकांनी पुढच्या भागाची मागणी केली होती. प्रकाराच्या रकान्यात तिनं तीन पर्याय निवडले होते : प्रेम, भय, कौटुंबिक.