माऊस, रॅट आणि रोडंट: नावं आधी, शास्त्र नंतर

मराठीत उंदीर म्हटलं की लहान-मोठा दोन्ही चालतो. इंग्रजीत माऊस की रॅट हे आधी ठरवावं लागतं. ही विभागणी सामान्य लोकांनी आकार बघून केली. प्राणिशास्त्र बरंच नंतर आलं.

माऊस फार जुना शब्द. संस्कृतातला मूषक आणि लॅटिनमधला मूस हे त्याच्याच कुळातले. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये काळ्या रॅटलाही 'मूस रॅटस' म्हटलं, म्हणजे माऊस आणि रॅट दोघांना एकाच प्रजातीत (इंग्रजीत जीनस) बसवलं. रॅटस ही स्वतंत्र प्रजाती १८०३ मध्ये झाली. तपकिरी रॅटला १७६९ मध्ये 'नॉर्वेजिकस' नाव मिळालं खरं, पण तो मूळचा आशियातला; नॉर्वेचा त्यात काही संबंध नाही.

आकारावरची ही ओळख फसवीही आहे. रॅटचं पिल्लू पूर्ण वाढलेल्या माऊसएवढं दिसतं. पाय बघावेत: पिल्लाचे मागचे पंजे आणि डोकं अंगाच्या मानाने थोराड असतात, तर माऊसचे पंजे नाजूक आणि कान मोठे.

रोडंट मात्र पुस्तकी शब्द. लॅटिनमध्ये 'रोडेरे' म्हणजे कुरतडणं. आयुष्यभर वाढत राहणारे पुढचे दात ही या गणाची, म्हणजे प्राण्यांच्या या मोठ्या गटाची खूण, म्हणून खार, बीव्हर आणि साळिंदरही रोडंटच. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती या गणात नाही. सशाला १९१२ मध्ये वेगळ्या गणात हलवलं गेलं.

सगळ्यात लांबचा प्रवास बँडीकूट या शब्दाचा. तेलुगूत 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या पोटाला पिशवी असलेल्या एका भलत्याच प्राण्याला चिकटवला.

बोलण्यातही दोघांची पत वेगळी. माऊस म्हणजे बुजरा, गरीब. रॅट म्हणजे दगाबाज, चहाडखोर. १९६० च्या दशकात संगणकाच्या उपकरणाला माऊस नाव पडलं ते शेपटीसारख्या वायरमुळे.

प्रयोगशाळेच्या बातम्यांत हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. माऊसचा जनुकीय आराखडा २००२ मध्ये आला, रॅटचा २००४ मध्ये. एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. मराठीत दोन्ही 'उंदरांवर प्रयोग' होऊन जातं. तिथे निदान 'छोटा उंदीर', 'मोठा उंदीर' एवढं तरी लिहावं.