सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेला असताना ज्युरी कुठून आणायची?

२५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात डेरेक शोव्हिन या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला, ९ मिनिटं २९ सेकंद, त्यात फ्लॉइडचा जीव गेला, आणि रस्त्यावरच्या एका मुलीने ते मोबाईलवर शूट केलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे, मोर्चे, जाळपोळ, कर्फ्यू, आणि जगभर तो व्हिडिओ. खटला मात्र त्याच शहरात चालला, हेनेपिन काउंटीच्या कोर्टात. म्हणजे ज्या बारा लोकांनी निकाल द्यायचा ते त्याच गावचे, त्यातल्या कुणाचं नेहमीचं दुकान जळलेलं, कुणी मोर्चाला गेलेलं, कुणाचा भाऊ पोलिसात. अशा ठिकाणी निःपक्ष माणसं शोधायची कशी? मला तरी या खटल्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग साक्षीपुराव्याचा नाही वाटत, त्याच्या आधीचे मार्च २०२१ मधले दोन आठवडे वाटतात, ज्यात फक्त ज्युरी ठरवण्याचं काम चाललं होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ज्युरी सिलेक्शन म्हटलं की वाटतं वकील समोरच्या गर्दीतून चांगली चांगली माणसं वेचून घेत असतील. तसं काहीच नसतं, कुणाला घ्यायचं हे कुणीच ठरवत नाही, कुणाला नको एवढंच ठरवता येतं, आणि सगळ्यांनी नको म्हणून झाल्यावर जे उरतात ती ज्युरी. नको म्हणायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे कारण देऊन, हा माणूस निःपक्ष राहू शकत नाही हे जजला पटलं की तो बाहेर, आणि अशा नकारांना मर्यादा नाही. दुसरा म्हणजे काहीही कारण न देता, वकिलाने नुसतं नको म्हणायचं आणि विषय संपला, पण हे नकार मोजून मिळतात. शोव्हिनच्या वकिलाला म्हणजे एरिक नेल्सनना असे १५ मिळाले होते आणि सरकारी बाजूला ९. जज पीटर केहिल यांनी नंतर ते वाढवून १८ आणि १० केले, का ते पुढे येईलच.

लोक कोर्टात येण्याच्या कितीतरी आधी, तीनशेच्या वर लोकांच्या घरी प्रश्नावली गेली होती. ती वाचण्यासारखी आहे. व्हिडिओ बघितला का, किती वेळा बघितला, मोर्चाला गेला होतात का, हातात बोर्ड होता का आणि असेल तर त्यावर काय लिहिलं होतं, कधी मार्शल आर्ट्स शिकलात का, कोणते पॉडकास्ट ऐकता, काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीबद्दल मत काय आणि पोलिसांच्या बाजूच्या ब्लू लाइव्ह्ज मॅटरबद्दल काय. या प्रश्नांची गंमत बघा, बरेचसे प्रश्न माणसाने काय केलं हे विचारतात. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण माझ्या मते सगळं विज्ञान इथेच येऊन थांबतं.

मग एकेकाला आत बोलवायचं. साधारणपणे अमेरिकेत दहा-वीस जणांना एकत्र बसवून प्रश्न विचारतात, इथे मात्र प्रत्येकाला एकटं बसवलं, शपथ देऊन. खटला टीव्हीवर लाइव्ह होता पण कॅमेरा त्यांच्याकडे वळवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, फक्त नंबर. आधी जज विचारणार, मग नेल्सन, मग सरकारी वकील स्टीव्ह श्लायकर. एकटं बोलवण्याचा फायदा हा की एकाचं उत्तर ऐकून दुसरा आपलं उत्तर बेतत नाही, आणि चारचौघांत जे बोलायला माणूस कचरतो ते एकटा असताना बोलून जातो. पहिल्याच दिवशी जे तीन जण ज्युरीत बसले त्यातला पहिला व्यवसायाने केमिस्ट होता आणि त्याने सांगितलं की तो व्हिडिओ मी बघितलेला नाही. मिनिआपोलिसमध्ये राहून! वकिलांनी त्याला बराच वेळ घोळवून विचारलं. पण एक स्पष्ट करायला हवं, तो बसला तो व्हिडिओ न बघितल्यामुळे नाही. त्याच्यानंतर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी थोडा का होईना तो बघितलेला होता.

कायदा असं म्हणतच नाही की ज्युररला, म्हणजे ज्युरीतल्या माणसाला, केसबद्दल काही माहीत नको. यातला महत्त्वाचा निकाल १९६१ चा आहे, इंडियाना राज्यातल्या लेस्ली अर्विन या खून खटल्यातल्या आरोपीचा. त्याच्या ज्युरीतल्या १२ पैकी ८ जणांनी सुनावणीच्या आधीच सांगितलं होतं की आम्हाला तो दोषी वाटतो, आणि तरी आम्ही निःपक्ष राहू असंही सांगितलं होतं, म्हणून त्यांना घेतलं. सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. पण त्याच निकालात असंही म्हटलं की ज्युरर अगदी अनभिज्ञ असण्याची गरज नाही, आपलं मत बाजूला ठेवून कोर्टात आलेल्या पुराव्यावर निकाल देता आला म्हणजे पुरे.

मत बाजूला ठेवणं. कायद्याच्या दृष्टीने सगळी मदार याच्यावर आहे आणि मानसशास्त्र नेमकं इथेच अडून बसतं. २००२ मध्ये एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लोकांना दुसऱ्याचे पूर्वग्रह दिसतात पण स्वतःला ते तेवढे लागू आहेत असं वाटत नाही. खोटं बोलतात असं नाही, अगदी प्रामाणिकपणे तसं वाटतं. त्यामुळे तुम्ही निःपक्ष राहू शकाल का हा प्रश्न विचारला की उत्तर हो येतं, आणि त्या हो वरून फार काही कळत नाही. प्रश्नावलीतले काय केलं हे विचारणारे प्रश्न इथे कामाला येतात. त्यात समोर काळा झगा घालून जज बसलेला, त्याला काय ऐकायचंय हे कुणालाही समजतं.

बरं बातम्यांचा परिणाम खरंच होतो का, तर होतो. नॅन्सी स्टेब्ले आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ४४ चाचण्यांचे निकाल एकत्र करून बघितले तेव्हा आरोपीविरुद्ध बातम्या वाचलेले लोक न वाचलेल्यांपेक्षा त्याला जास्त वेळा दोषी ठरवत होते. याच्याही पुढची गोष्ट म्हणजे डोक्यात माहिती राहते पण ती कुठून आली ते पुसट होतं. ख्रिस्टीन रूव्हा यांच्या प्रयोगांत लोकांनी पेपरात वाचलेली गोष्ट खटल्यातच ऐकली असं सांगितलं. आता अशा माणसाला तुम्ही म्हणालात की कोर्टाबाहेरचं विसर, तर तो विसरणार काय, त्याच्या लेखी ते कोर्टातलंच आहे. आणि १९९० मधला क्रेमर, कर आणि कॅरल यांचा प्रयोग तर चांगलाच अस्वस्थ करणारा आहे. त्यात जजने दिलेल्या सूचनेने बातम्यांचा परिणाम कमी झाला नाही, ज्युरीने आपसात चर्चा केल्यावर तो उलट वाढला. नुसती तथ्यं सांगणाऱ्या बातम्यांवर काही दिवसांच्या अंतराचा उतारा चालला, पण भावना भडकवणाऱ्या बातम्यांवर तोही चालला नाही.

आता हे सगळं डोक्यात ठेवून मिनिआपोलिसला परत जाऊ. १२ मार्च २०२१, शुक्रवार, ज्युरी निवड निम्म्यावर आलेली, सात जण बसलेत, आणि शहराच्या कौन्सिलने जाहीर केलं की फ्लॉइडच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर नुकसानभरपाई देतोय. दिवाणी दावा वेगळा आणि फौजदारी खटला वेगळा, हे वकिलाला कळतं, पण घरी टीव्ही बघणाऱ्या माणसाला वाटणार की शहराने चूक कबूल केली. नेल्सननी लगेच खटला पुढे ढकला आणि दुसऱ्या ठिकाणी हलवा अशी मागणी केली. जज केहिल वैतागले, शहराच्या अधिकाऱ्यांनी या केसबद्दल इतकं बोलणं थांबवावं असं उघड म्हणाले. मग त्यांनी बसलेल्या सातही जणांना एकेक करून पुन्हा प्रश्न विचारले. काहींच्या कानावर ती बातमी आलीच नव्हती, काहींच्या आली होती पण ते डगमगले नाहीत. दोघांनी मात्र सरळ सांगितलं की आता आम्हाला निःपक्ष राहता येईल असं वाटत नाही, एकाला तर तो आकडाच खूप लागला होता. दोघांनाही सोडलं. नेल्सनना तीन नकार वाढवून मिळाले ते या सगळ्यामुळे, सरकारी बाजूला एक. जागा बदलायची मागणी फेटाळली, जजचं म्हणणं असं की या केसची प्रसिद्धी जिथे पोचली नाही असा कोपरा अख्ख्या मिनेसोटा राज्यात नाही.

ते दोघं मला फार महत्त्वाचे वाटतात. निःपक्ष राहीन म्हणणाऱ्यावर विज्ञान फारसा विश्वास ठेवत नाही, पण मला नाही जमणार असं म्हणणाऱ्यावर ठेवायला हरकत नाही, आणि असं म्हणायची मोकळीक दिली, घाई केली नाही, माणसाला शरमिंदा केलं नाही तरच कुणी ते म्हणतं. बऱ्याच कोर्टांत नेमकं उलटं होतं, कुणी शंका बोलून दाखवली की जज त्याला समजावत समजावत हो वर आणून ठेवतात.

आपल्या मुंबईतही हे घडून गेलंय. १९५९ चा नानावटी खटला, नौदलातल्या कमांडरने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या आणि ब्लिट्झ साप्ताहिकाने कमांडरच्या बाजूने रान उठवलं. नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं, सेशन्स जजना ते पुराव्याच्या इतकं विरुद्ध वाटलं की त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला असं सर्रास सांगतात, ते खरं नाही, काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही चालू होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती गेली.

आता वकिलांच्या त्या कारण न देता केलेल्या नकारांकडे येऊ. अमेरिकेत यावर मोठा धंदा उभा आहे, ज्युरी कन्सल्टंट म्हणून लोक लाखो डॉलर घेतात. सुरुवात मात्र पैशासाठी झाली नव्हती. १९७२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गमध्ये व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या काही पाद्री आणि कार्यकर्त्यांवर कटाचा खटला होता, तेव्हा जे शुलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्या भागात सर्व्हे करून बचाव पक्षाला सांगितलं की कोणत्या प्रकारची माणसं टाळा. मुख्य आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही, १० जण सुटकेच्या बाजूने होते. त्यानंतर सगळ्यांना वाटायला लागलं की ज्युरी जिंकली की केस जिंकली.

पण अभ्यास तसं सांगत नाहीत. वय, शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय यावरून कोण कसं मत देईल याचा अंदाज फार तोकडा येतो, निकाल सगळ्यात जास्त ठरतो तो पुरावा किती भक्कम आहे यावरून. हान्स झायझेल आणि शारी डायमंड यांनी १९७८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. शिकागोच्या फेडरल कोर्टातल्या १२ खटल्यांमध्ये वकिलांनी ज्यांना नको म्हटलं होतं त्यांनाच कोर्टात बसवून अख्खा खटला ऐकवला आणि त्यांचं मत घेतलं. दिसलं असं की वकिलांचे अंदाज कधी बरोबर, कधी साफ चुकीचे, एकाच वकिलाचेही सगळीकडे सारखे नाहीत.

मग हे नकार प्रत्यक्षात वापरले गेले कशासाठी, तर बऱ्याचदा काळ्या लोकांना बाहेर ठेवण्यासाठी. १९८६ च्या बॅटसन निकालात सुप्रीम कोर्टाने वंशावरून नकार देण्यावर बंदी घातली. पण दुसरं कुठलंही कारण पुढे करता येतंच की. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स या माणसावर एकाच खून प्रकरणासाठी सहा वेळा खटला चालला, सहाही वेळा सरकारी वकील तोच, आणि त्याने एकूण ४२ पैकी ४१ काळ्या उमेदवारांना नाकारलं. सहाव्या खटल्यात नाकारलेल्या पाच काळ्या लोकांना मिळून १४५ प्रश्न विचारले, आणि बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, २०२० ला आरोपच मागे घेतले, तोवर त्या माणसाची वीसेक वर्षं तुरुंगात गेली होती. हे वाचताना राग येतो आणि यायलाच पाहिजे.

शोव्हिन खटल्यातही पहिल्याच दिवशी बचाव पक्षाने दोन हिस्पॅनिक लोकांना नाकारल्यावर सरकारी बाजूने बॅटसनचा मुद्दा काढला होता, जजना त्यात वंशाचं कारण दिसलं नाही. शेवटी ज्या बारा जणांनी निकाल दिला त्यात सहा गोरे, चार काळे आणि दोन मिश्रवंशीय होते. मिश्र ज्युरीने नुसतं प्रतिनिधित्व होतं असं नाही बरं का. सॅम्युअल सॉमर्स यांच्या २००६ च्या प्रयोगात मिश्र गटांनी जास्त वेळ चर्चा केली, केसमधल्या जास्त गोष्टी विचारात घेतल्या, आणि मिश्र गटातल्या गोऱ्या लोकांकडून तथ्यांच्या चुकाही कमी झाल्या.

इंग्लंडने कारण न देता नकार द्यायची सोय १९८८ च्या कायद्याने काढून टाकली, कॅनडाने २०१९ ला, अमेरिकेत ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून. माझं मत त्याच बाजूला आहे, वेळ घालवायचा तर प्रश्न नीट विचारण्यात घालवावा.

मिनिआपोलिसला २३ मार्चला निवड संपली. पंधरा जण घेतले होते, पंधरावा फक्त कुणी ऐनवेळी गळालं तर म्हणून, त्याला २९ मार्चला घरी पाठवलं. १९ एप्रिलला दोन राखीव लोकांना सोडून बारा जण चर्चेला बसले आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही आरोपांवर दोषी असा निकाल आला. पुढे अपिलात शोव्हिनच्या वकिलांनी खटला शहराबाहेर हलवायला हवा होता हाच मुद्दा प्रामुख्याने मांडला. एप्रिल २०२३ ला मिनेसोटाच्या अपील कोर्टाने तो मान्य केला नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला.