दोन जेवणांच्या मधली झाडलोट

‘दहा प्रश्नांची उत्तरं द्या, आपली प्रकृती ओळखा आणि पचनाचा तक्ता घ्या’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरत असतो. वात, पित्त, कफ असे तीन रकाने आणि प्रत्येकाखाली काय खावं, काय टाळावं. यातल्या एका सल्ल्यावर मला लिहावंसं वाटलं, कारण आमच्या पणजीतल्या कचेऱ्यांमध्ये तो आता सर्वांच्या तोंडी झाला आहे : वातप्रकृतीच्या माणसाने दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहावं. हा सल्ला शरीरशास्त्राला धरून नाही, आणि ज्या आयुर्वेदाच्या नावाने तो दिला जातो त्यालाही धरून नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागात जठराग्नी चार प्रकारचा सांगितला आहे : तीक्ष्ण, मंद, विषम आणि सम. पित्तप्रधान माणसाचा तीक्ष्ण, कफप्रधानाचा मंद, वातप्रधानाचा विषम, म्हणजे कधी चोख पचवणारा, कधी अडणारा. तीक्ष्ण अग्नी खाण्यातली सगळी हयगय सोसतो, असंही तिथे म्हटलं आहे. हे निरीक्षण पक्कं आहे. एकाच घरात, एकाच ताटातलं शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) आणि तळलेला बांगडा खाऊन एकाला तीन तासांत भूक लागते, दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत पोट जड वाटतं.

पण त्याच विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात जेवणाचे नियम आहेत : अन्न गरम असावं, स्निग्ध असावं, मात्रेत असावं, आणि ‘जीर्णे अश्नीयात्’, म्हणजे आधीचं पचल्यावरच पुढचं खावं. नाहीतर आधीच्या जेवणाचा अर्धकच्चा रस नव्यात मिसळून वात, पित्त, कफ हे सगळेच दोष बिघडतात, असं कारणही दिलं आहे. वातप्रकृतीला या नियमातून सूट दिलेली नाही.

या नियमाला जोडून पाहावी अशी एक विलक्षण गोष्ट शरीरशास्त्राला १९६९ साली सापडली. कुत्र्यांच्या लहान आतड्यावर विद्युत-अग्रं (इलेक्ट्रोड) बसवून नोंदी घेताना शुर्शेव्स्की या संशोधकाला दिसलं, की प्राणी उपाशी असताना आतडं स्वस्थ पडून राहत नाही. ठरावीक वेळाने जोरदार आकुंचनांचा एक पट्टा वरून निघतो आणि हळूहळू खाली सरकत जातो. माणसातही हेच घडतं. एक आवर्तन साधारण दीड ते दोन तासांचं. त्यात आधी बराच वेळ सामसूम, मग अनियमित हालचाली, आणि शेवटी पाच-दहा मिनिटांची खरी झाडलोट. त्या वेळी जठर मिनिटाला सुमारे तीनदा आवळतं, तर त्याच्या पुढचं आतडं अकरा-बारा वेळा. पोट मोठ्याने गुरगुरतं ते बऱ्याचदा याच सुमारास.

झाडलोट कशाची? अन्न पोटात असताना जठराचं खालचं दार फक्त बारीक कणांना वाट देतं. साधारण दोन मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे परत मागे ढकलून घुसळले जातात. आंब्याचे धागे, वालाची साल, गिळलेली एखादी बी हे घुसळूनही बारीक होत नाही. ते उपाशीपोटीच्या या लाटेची वाट बघत जठरात थांबतं. लाट आली की दार सताड उघडतं आणि सगळं पुढे जातं. सोबत आतड्यातल्या मेलेल्या पेशी, चिकट स्राव आणि वर सरकू पाहणारे जिवाणूही खाली ढकलले जातात. १९७७ साली व्हानत्राप्पेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांच्या लहान आतड्यात जिवाणू बेसुमार वाढले होते, अशा काही रुग्णांमध्ये ही लाट उठतच नव्हती.

लाट सुरू करण्यात मोटिलिन या संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींतून स्रवतं आणि जठराच्या स्नायू आणि चेतांवरच्या (नसांवरच्या) ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटतं. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्याच ग्राहींना चिकटतं, म्हणून ते घेतल्यावर अनेकांच्या पोटात कळा येतात. उलट, उष्मांक असलेलं काही पोटात गेलं, की चेता आणि इतर संप्रेरकांच्या इशाऱ्यावर आवर्तन मोडतं आणि घुसळण्याचा दुसरा कार्यक्रम सुरू होतो. तो किती वेळ चालेल हे जेवणातल्या उष्मांकांवर आणि स्निग्धतेवर ठरतं. नारळाचा दाट रस असलेल्या जेवणानंतर झाडलोटीची पाळी बराच वेळ येत नाही.

आता कचेरीतला दिवस पाहा. साडेआठला पातळ भाजी आणि पाव, दहाला दुधाचा चहा आणि बन, बाराला बिस्किटं, दीडला जेवण, चारला पुन्हा चहा आणि सामोसा, रात्री दहाला जेवण. सकाळपासून चारच्या चहापर्यंत लाटेला एकही मोकळी पाळी मिळत नाही. आमच्याकडे अकराच्या पेजेचा रिवाज आहे, पण तो पहाटेपासून शेतात राबणाऱ्यांचा. पेज हलकी आणि पातळ, सोबत लोणचं किंवा सुकं सुंगट (कोळंबी). भाजीपावावर बन आणि बनावर पेज असा तो कधीच नव्हता.

प्रकृतीच्या कल्पनेत तथ्य असू शकतं. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) जनुकशास्त्र संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन प्रकृतींच्या निरोगी माणसांमध्ये जनुकांच्या कार्याचे फरक आढळले होते. असं संशोधन व्हायलाच हवं, आणि गोव्यातल्या पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी राहिली आहे तिथेही ते व्हावं. पण तेवढ्या आधारावर मोबाइलवरच्या दहा प्रश्नांतून आहार ठरवणं आणि ‘अग्नी प्रदीप्त करणारं डिटॉक्स’ विकणं ही लोकांची फसवणूक आहे. रक्तातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. ती पॅकेजवर चालत नाहीत.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणातलं अंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, साखर एकदम उतरते. गरोदर स्त्रियांना थोडं थोडं खाणंच सोयीचं पडतं. बाकी निरोगी माणसाने, प्रकृती कुठलीही असो, दोन खाण्यांत चारेक तास जाऊ द्यावेत. मधला चहा जेवणालाच जोडून घ्यावा आणि रात्रीचं जेवण आठच्या आत आणावं.