पार्श्वभूमी : भायखळ्याच्या फुटपाथवरची शिरगणती

वस्तीतल्या लोकांनी स्वतःची मोजदाद स्वतः करायची, तिच्या आधारे पालिकेशी बोलणी करायची, ही मुंबईतल्या वस्ती-संघटनांची पद्धत १९८५ च्या भायखळ्यात आकाराला आली. तिची मुळे मात्र आणखी दहा वर्षे मागे, ट्रॉम्बेजवळच्या जनता कॉलनीत आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राला लागून असलेल्या या वस्तीच्या बचावासाठी जॉकिन अर्पुतम यांनी रहिवाशांना संघटित केले आणि १९७४ मध्ये राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा राहिला. लढा न्यायालयापर्यंत जाऊनही आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, वस्ती हटवली गेली आणि माणसे चीता कॅम्पला नेऊन वसवण्यात आली.

त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने झोपड्यांची गणना करून फोटोपास दिले होते. ज्याच्याकडे पास, त्याचा पर्यायी जागेवर काही तरी दावा. फुटपाथवर राहणाऱ्या बहुतेकांकडे तो नव्हता. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी या लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले आणि भर पावसात झोपड्या तोडल्या गेल्या. त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्याने मान्य केले. पण पावसाळा सरल्यावर झोपड्या काढण्याची मुभाही पालिकेला दिली. या निकालाचा पहिला भाग आवर्जून सांगितला जातो, भायखळ्यात मात्र त्या वर्षी धास्ती होती ती दुसऱ्या भागाची.

वर्षभरापूर्वीच शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेने तेव्हा फुटपाथवासीयांना सोबत घेऊन त्यांची गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे नोंदली गेली. कोण कुठून आले, काय काम करते, कामावर चालत जाता येते का, हे प्रथमच कागदावर आले आणि फुटपाथवर राहतात ते भिकारी नि उडाणटप्पू, हा समज टिकेनासा झाला. फुटपाथवर राहणाऱ्या याच कुटुंबांतल्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना १९८६ पासून उभी राहिली. रोजच्या कमाईतले थोडे थोडे पैसे साठवण्यापासून तिने सुरुवात केली. पुढे घर केवढे असावे हे ठरवण्यासाठी बायकांनी खऱ्या मापाचे नमुने उभारून पाहिले आणि पोटमाळा काढता येईल इतके उंच छत मागितले.

फुटपाथवासीयांना पुनर्वसनाचा हक्क १९९५ च्या धोरणात मिळाला. त्यानंतर भायखळ्यातल्या काही कुटुंबांसाठी ‘मिलन नगर’ उभे राहिले ते मानखुर्दला, ज्या कामधंद्यासाठी ती इतकी वर्षे फुटपाथ धरून राहिली होती त्यापासून कित्येक किलोमीटर दूर.