चिनी क्राइम सिनेमातले खून नव्वदच्या दशकात कसे गेले

गेल्या दहा-बारा वर्षांतले छोट्या शहरांवरचे चिनी क्राइम सिनेमे ओळीने बघितले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते, निम्म्याहून जास्त खून नव्वदच्या दशकात होतात. बंद पडायला आलेला कारखाना, पाऊस नाहीतर बर्फ, सिगारेटवर सिगारेट ओढणारा दमलेला पोलिस, आणि रिव्ह्यूमध्ये ठरलेला शब्द 'रिअलिस्टिक'. पण हा प्रकार सुरू झाला तेव्हा त्यातली गोष्ट त्याच वर्षाची असायची, शूटिंग चालू असताना बाहेर जे घडत होतं तेच पडद्यावर यायचं. ती मागे का सरकली हे बघायचं तर २०१३-१४ च्या हिवाळ्याकडे यावं लागतं. तिथवर पटकन पोचू.

पन्नासच्या दशकातले हेर पकडायचे सिनेमे आणि ऐंशीतले पोलिसपट सोडून दिले तरी चालतील, त्यात गुन्हेगार म्हणजे बाहेरून आलेली कीड, गाव स्वतः निर्दोष. हे बदललं 'श्याओ वू'ने. १९९७ मध्ये शान्शी प्रांतातल्या फन्यांग नावाच्या गावात, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणासारख्या पण लाखांत वस्ती असलेल्या, तिथल्याच एका पोराने १६ एमएमवर, हौशी नट घेऊन, परवानगी न काढता हा सिनेमा केला. हिरो पाकीटमार. लाउडस्पीकरवरून गुन्हेगारांनो शरण या अशी घोषणा चालू आहे, जुना दोस्त आता 'उद्योजक' झालाय आणि लग्नाला बोलवत नाही. मारामारी नाही, रक्त नाही, शेवटी पोलिस त्याला रस्त्यावर बेडीने अडकवून ठेवतो आणि येणारे-जाणारे उभे राहून बघत बसतात. बस.

मग २००३ चा 'ब्लाइंड शाफ्ट'. दोन भामटे एखाद्या बेकार पोराला नातेवाईक म्हणून कोळशाच्या खाणीत कामाला लावतात, खाली नेऊन मारतात, छत कोसळलं म्हणून सांगतात आणि मालकाकडून भरपाई उकळतात. त्या काळात सरकारी आकड्यांनुसारच चीनच्या कोळसा खाणींमध्ये वर्षाला सहा हजारांच्या वर माणसं मरत होती, त्यामुळे मालकही जास्त विचारत नाही, पैसे देऊन मोकळा होतो. खून इतका पटकन आणि कोरडा दाखवलाय की आपण चपापायच्या आधी ते दोघं पुढच्या कामाला लागलेले असतात. बर्लिन फेस्टिव्हलला बक्षीस मिळालं, चीनमध्ये बंदी. गंमत (गंमत कसली म्हणा) म्हणजे २०१६ मध्ये अशाच पद्धतीने १७ जणांना मारल्याबद्दल ७४ लोकांवर आरोप ठेवले गेले, तेव्हा तिकडच्या पेपरांनी त्या गुन्ह्यांना या बंदी असलेल्या सिनेमाचंच नाव दिलं.

आता २०१३. फन्यांगचाच तो दिग्दर्शक, एव्हाना रीतसर परवानगी घेऊन सिनेमे करायला लागलेला, 'अ टच ऑफ सिन' घेऊन कान फेस्टिव्हलला गेला आणि पटकथेचं बक्षीस घेऊन आला. चार गोष्टी, चारही खऱ्या घटनांवरून. २००१ मध्ये शान्शीतल्या एका गावकऱ्याने केलेलं हत्याकांड, बँकेतून बाहेर पडणाऱ्या लोकांना गोळ्या घालून लुटणारा आणि २०१२ मध्ये छोंगछिंगला मारला गेलेला माणूस, २००९ मध्ये हुबेईत अंगावर आलेल्या स्थानिक अधिकाऱ्याला चाकू मारणारी तरुणी, आणि २०१० मधल्या शेनझेनच्या कारखान्यातल्या कामगारांच्या आत्महत्या. यातली चाकूवाली केस तर इंटरनेटवर एवढी पेटली होती की शेवटी कोर्टाने तिला दोषी धरूनही शिक्षा माफ केली. म्हणजे प्रेक्षकाला काही समजावून सांगायची गरजच नव्हती, प्रत्येकाने ते आधीच वाचलेलं होतं.

आणि सिनेमा सेन्सॉरमधून पास झाला होता. हे विसरलं जातं, लोक सरळ 'बंदी घातली' म्हणून लिहितात. परवानगी होती, नोव्हेंबर २०१३ मध्ये थेटरात लागणार असं ठरलं होतं, आणि मग तो लागलाच नाही. जाहीर कारण नाही, बंदीचा कागद नाही, पेपरांना मात्र या सिनेमावर लिहू नका म्हणून सूचना गेल्या. मार्च २०१४ मध्ये नेटवर कॉपी फुटली आणि ज्यांना बघायचा होता त्यांनी तसाच बघितला.

कारण काय यावर अजून वाद होतात. हिंसा जास्त होती हे पहिलं उत्तर, आणि तिकडे आपल्यासारखं ए, यूए काही नाही, एकच सर्टिफिकेट आणि तेच लहान मुलालाही लागू, त्यामुळे ते वरवर पटतंसुद्धा. पण त्याच हिवाळ्यातली बाकीची दोन उदाहरणं बघा. 'नो मॅन्स लँड' हा वाळवंटातला, एकजात हरामखोर माणसांचा सिनेमा २००९ मध्ये शूट होऊन चार वर्षं अडकला होता, पडद्यावर एकही भला माणूस नाही ही मुख्य तक्रार सांगितली जाते, तो डिसेंबर २०१३ मध्ये शेवटाला एक गोड शेपूट लावून बाहेर आला. आणि मार्च २०१४ मध्ये 'ब्लॅक कोल, थिन आइस' लागला, ज्यात प्रेताचे तुकडे प्रांतभरच्या कोळशाच्या ढिगांमध्ये सापडतात, ब्यूटी पार्लरमधला गोळीबार आहे, बर्फावर घसरायच्या बुटाच्या पात्याने केलेला खून आहे. त्याला बर्लिनचं सर्वात मोठं बक्षीस मिळालं, घरी दहा कोटी युआनच्या वर धंदा केला. म्हणजे रक्त चालत होतं.

दुसरं उत्तर वेळेचं. ऑक्टोबरच्या शेवटी थ्येनआनमन चौकात गर्दीत गाडी घुसवून हल्ला झाला, ६ नोव्हेंबरला शान्शीची राजधानी थाययुआनमध्ये पक्षाच्या प्रांतिक कार्यालयाबाहेर स्फोट झाले, आणि त्याच आठवड्यात बीजिंगमध्ये पक्षाची मोठी बैठक भरणार होती. अशा वेळी शान्शीतला एक चिडलेला गावकरी बंदूक घेऊन सरपंच-हिशेबनीस-मालक सगळ्यांना उडवतो हे थेटरात दाखवायला कोण तयार होईल? पण हेही अर्धंच उत्तर आहे, कारण नुसती वेळ चुकली असती तर सहा महिन्यांनी लावता आला असता.

मला पटणारं कारण गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली यात आहे. 'ब्लॅक कोल, थिन आइस'मध्ये आपण तपास करणाऱ्याबरोबर असतो, तो दारुडा असेल, नोकरी गेलेला असेल, पण शेवटी केस सुटते आणि ती फाइल १९९९ आणि २००४ ची असते. 'अ टच ऑफ सिन'मध्ये आपण मारणाऱ्याबरोबर असतो, पोलिस जवळपास नाहीतच, आणि फाइल कालची. त्यात तो गावकरी वेडाही नाही, आधी तो वर तक्रार करायला धडपडतो. ही क्रमवारीच जड गेली असणार.

यात 'वास्तववादी' शब्दाचाही गोंधळ आहे. 'श्याओ वू'च्या चाहत्यांनी तेव्हा कुरकुर केली होती की हा माणूस आता तलवारबाजीच्या सिनेमासारखं शूट करतो, बंदूक वाघाचं चित्र असलेल्या कापडात गुंडाळलेली, मधेच जुन्या ऑपेराचा स्टेज, हे कसलं वास्तव. म्हणजे घटना खऱ्या, हिंसा नाटकी. आणि नंतर जे आले त्यांचं बरोब्बर उलटं, भिंतीचा पोपडा, स्वेटर, सायकल सगळं अस्सल आणि घटना मात्र कुठल्यातरी धूसर काळातली.

त्यानंतरची रांग आठवून बघा. २०१७ चा 'द लूमिंग स्टॉर्म' १९९७ च्या कारखान्यात घडतो, पूर्ण सिनेमाभर पाऊस. २०२३ चा 'ओन्ली द रिव्हर फ्लोज' १९८० च्या दशकातल्या कथेवरून केलेला, गोष्ट १९९० च्या दशकात आणली, १६ एमएमवर शूट, तीस कोटी युआनच्या आसपास धंदा. हे वाईट सिनेमे नाहीत, आणि सगळं खापर सेन्सॉरवर फोडणंही बरोबर नाही. १९९८ नंतरच्या पाच-सहा वर्षांत सरकारी कारखान्यांतून अडीच कोटींहून जास्त लोक घरी बसवले गेले, ईशान्येकडची शहरंच्या शहरं त्यात बसली, आणि त्या कामगारांची पोरं आता लेखक-दिग्दर्शक झालीत, ती बापाच्या काळाबद्दल लिहिणारच. शिवाय सीसीटीव्ही आणि डीएनए तपासणी नसलेला काळ रहस्यकथेला बरा पडतो हे उघड आहे. तरी आजच्या तक्रारीला जागा उरली नाही हेही तितकंच खरं, २०१७ च्या सिनेमा कायद्याने परवानगीशिवाय परदेशी फेस्टिव्हलला जाणं जवळपास बंद केलं आणि २०१८ मध्ये सिनेमाचा कारभार थेट पक्षाच्या प्रचार खात्याकडे गेला.

मधल्या काळात माल वेब सिरीजकडे सरकला. २०२३ ची 'द लाँग सीझन' ईशान्येतल्या बुडालेल्या पोलाद कारखान्याची गोष्ट सांगते, आणि शूट झाली दक्षिणेत युन्नानमध्ये, का तर बर्फाऐवजी उबदार ऊन हवं होतं. त्याच वर्षीची 'द नॉकआउट' मात्र आजच्या काळापर्यंत येते, मासळीवाल्याचा गुंड कसा झाला, कोणते अधिकारी त्याच्या खिशात होते सगळं दाखवते, मारामारीही भरपूर. फरक एवढाच की २०१८ ते २०२० ची गुंडगिरीविरोधी सरकारी मोहीम होऊन गेलेली आहे, आणि गोष्ट सुरू होते तीच वरून आलेल्या चौकशी पथकापासून.