घरपट्टीची हरकत आली कुठून?

घरपट्टीच्या चतुर्थवार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीची नोटीस घरात येते आणि वीजबिलांच्या गठ्ठ्यात जाऊन बसते. पुढच्या वर्षी वाढीव बिल हातात पडलं की मग धावपळ सुरू होते, पण तोवर हरकतीची मुदत टळून गेलेली असते. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की या नोटिशीमागचा इतिहास एकदा नीट सांगावा असं वाटलं. हरकत घेण्याचा हक्क हा कराच्या रचनेतच आहे, आणि तो हक्क टिकवायला आपल्या शेजारच्या बार्शीची एक गिरणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती.

घरावर पट्टी बसवणं जुनंच. पेशवाईत व्यापारी आणि कारागिरांच्या घरा-दुकानांवर मोहतर्फा नावाचा कर असायचा. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी तो 1844 साली उठवला. पुढे 1850 चा नगरपालिकांचा कायदा आला आणि सातारचं राज्य खालसा झाल्यावर काही वर्षांतच, 1853 साली, सातारची नगरपालिका उभी राहिली. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. ते 1948 साली विलीन झालं आणि सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली ती थेट 1998 साली. त्यामुळे आजही दोन्हीकडचा कायदा वेगळा आहे. साताऱ्याला 1965 चा नगरपरिषद अधिनियम लागतो, सांगलीला मूळ 1949 चा महापालिका अधिनियम.

दोन्ही कायद्यांच्या मुळाशी मात्र इंग्रजी अमदानीतली एकच कल्पना आहे: हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल? तुम्ही घर भाड्यानं देत नसलात, जन्मभर स्वतःच राहत असलात, तरी हिशेब त्या मानलेल्या भाड्याचाच. महिना 1,000 रुपये भाडं धरलं तर वर्षाचे 12,000. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, उरले 10,800. हे झालं करयोग्य मूल्य. कर बसतो तो यावर.

आता भाडं मानलेलं असेल तर ते चुकूही शकतं. म्हणूनच आकारणीची यादी कायम करण्याआधी ती लोकांसाठी खुली ठेवायची, हरकती मागवायच्या, ऐकायच्या, अशी तरतूद कायद्यात सुरुवातीपासून आली. बार्शी नगरपालिकेनं मात्र गिरण्यांसाठी सोपी वाट काढली. इमारत कसलीही असो, मजल्यांच्या क्षेत्रफळावर सरसकट एकच दर. लोकमान्य मिल्सनं त्याला आव्हान दिलं. 1961 साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम बेकायदा ठरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: वेगवेगळ्या बांधणीच्या इमारतींना सारखंच भाडं येईल हे गृहीतच चूक आहे, आणि दर आधीच ठरवून टाकला तर मूल्यांकनावर हरकत घेण्याचा करदात्याचा हक्क नावापुरताच उरतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. 1979 च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं आणखी एक मर्यादा घातली. भाडेनियंत्रण कायद्यानं जे प्रमाणभाडं, म्हणजे घेता येईल असं कमाल भाडं, ठरेल त्याच्या वर वाजवी भाडं धरता येणार नाही, मग मालक स्वतः राहत असला तरी.

या निकालांमुळे जुन्या घरांच्या पट्ट्या वर्षानुवर्षं गोठून राहिल्या. नगरपालिकांचं फार अडलं नाही, कारण जकात होती. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली, पुढे महापालिकांचीही गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) ही 2015 साली बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला. मग हक्काचं उत्पन्न म्हणून सगळ्यांची नजर घरपट्टीवर वळली. दरम्यान भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या मालमत्तेच्या) भावाला धरून, कर बसवण्याचा पर्याय कायद्यात आला. मुंबईनं तो 2010 पासून घेतला. ग्रामपंचायतींना 2015 अखेरच्या नियमांनी तीच पद्धत लागू झाली. साताऱ्याची हद्दवाढ 2020 साली झाली तेव्हा शाहूपुरी, विलासपूरसारख्या भागांतली घरं ग्रामपंचायतीच्या हिशेबातून नगरपालिकेच्या हिशेबात आली. घर तेच, अंगण तेच, पण पट्टी काढायची रीत दुसरी.

हरकत कशावर घ्यायची, हे या इतिहासावरूनच कळतं. ‘कर फार झाला’ एवढं लिहून काही होत नाही. टक्का सभेच्या ठरावानं ठरतो, तो सुनावणीत बदलत नाही. बदलतं ते मूल्य. म्हणून आधी आकारणीच्या नोंदीचा उतारा काढायचा (गावात असाल तर नमुना 8) आणि क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, बांधल्याचं वर्ष एकेक ताडून पाहायचं.

आमच्या मामांच्या घराला अशी नोटीस आली होती. कृष्णाकाठचं गाव, पुढे पत्र्याची पडवी, मागे दोन कौलारू खोल्या. उताऱ्यात पडवी आरसीसी लिहिलेली, आणि 120 चौरस फुटांची 210 झालेली. मामा म्हणाले, “जाऊ दे, कोण हेलपाटे घालणार.” मामी ऐकेना. तिनं टेपचं एक टोक मला धरायला लावलं, मापं वहीच्या पानावर लिहिली, पत्र्याचा फोटो काढला आणि शेजारच्या तसल्याच घराचा उतारा सोबत जोडला. मुदतीत अर्ज दिला, पोच घेतली. सुनावणी पाच मिनिटांत आटोपली. दोन्ही नोंदी दुरुस्त झाल्या.

सुनावणीतही पटलं नाही तर पुढे अपील आहे. महापालिका हद्दीत ते कलम 406 खाली न्यायालयात करावं लागतं. मुदत फक्त 15 दिवसांची आणि मागितलेला कर आधी भरून. थकवून भांडायचं म्हटलं तर दरमहा 2 टक्के शास्ती चढत राहते.

सवलतींबाबत एक गैरसमज सर्रास ऐकू येतो. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे ती मुंबई महापालिकेपुरती, 2022 पासून. ती सातारा-सांगलीला लागू नाही. बिलातला रोजगार हमी उपकर मात्र फक्त बिगरनिवासी वापरावर असतो. राहत्या घराच्या बिलात तो दिसला तर वापराची नोंद चुकली आहे, लगेच विचारा. सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याबद्दलची सूट स्थानिक ठरावावर असते, तेव्हा ठरावाची प्रत मागावी.

आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी सवलत माजी सैनिकांची. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावचे 46 जवान कामी आले ते अपशिंगे मिलिटरी साताऱ्याच्याच जिल्ह्यातलं. 2020 साली बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं राज्यानं योजना आणली आणि माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घराची मालमत्ता करमाफी गावात आणि शहरातही मिळू लागली. ती आपोआप लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. अडतं ते बहुधा नावापाशी. घर अजून सासऱ्यांच्या किंवा त्यांच्याही वडिलांच्या नावावर असतं. म्हणून दाखल्यांच्या मागे लागण्याआधी वारस नोंदीचा अर्ज द्यावा.